घर बघायला गेलेला मामा

म्हसा, ता. मुरबाड
१८ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,

सा. न. लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. वि. वि. इतकंच की तुझा नंबर मी स्नेहलकडून ब्लॉक करून घेतलाय. तुझा आवाज ऐकला तर माझ्या तोंडातून काय निघेल याचा भरवसा नाही. कागदावर निदान शब्द निवडता येतात.

रविवारी तुला नाशिकला पाठवलं ते स्नेहलच्या होणाऱ्या सासरचं घर बघायला. मुलीचा मामा घर बघून होकार देतो आणि मग पुढची बोलणी होतात, हे तुला मी सांगायला नको. त्या माणसांनी सकाळपासून स्वयंपाक मांडला होता. रोशनचे वडील तुला न्यायला स्टँडवर अडीच वाजेपर्यंत उन्हात उभे. तुझा फोन बंद. घाटात गाडीला काही झालं की काय म्हणून मी इकडे देवासमोर बसून. आणि पाच वाजता रोशनचे काका जगदीशराव यांनी मोबाइलवर फोटो पाठवला. तू गोदाघाटाच्या पायरीवर पाय सोडून भेळ खातोयस. फोटोखाली त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. चार शिव्या लिहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल मध्यस्थाचा निरोप आला, की मामांना घर पसंत नसेल तर तसं सांगावं, माणसांना ताटकळत ठेवू नये. स्नेहल दोन दिवस धड जेवलेली नाही. पाच स्थळं नाकारून पोर पहिल्यांदा कोणाला हो म्हणाली होती. हे मोडलं तर लग्नात तिच्या पाठीशी मामा उभा करायची वेळच येणार नाही.

का गेला नाहीस एवढं कळव. ख्यालीखुशाली नको. अनितावहिनीला नमस्कार. लोभ किती ठेवायचा ते तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.

देवकी


किन्हवली, ता. शहापूर
२३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. देवकीस,

अनेक उत्तम आशीर्वाद, घ्यायचे तर घे. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा राग आला. सात वर्षांनी मोठा आहे मी तुझ्यापेक्षा.

मी गेलो नाही असं कोण म्हणतं? पहाटेच्या गाडीने निघून नऊला उतरलो. रोशनचे वडील लांबून दिसले. त्यांना चुकवून दुसऱ्या बाजूने बाहेर पडलो, फोन बंद केला आणि चालत निघालो. तीनदा रस्ता चुकून त्यांच्या कॉलनीत पोचलो. घरात पाऊल टाकलं नाही. घरात गेलं की पाट मांडतात, ताट वाढतात, आणि जेवलेल्या माणसाला मग काही विचारता येत नाही. म्हणून बाहेरच विचारलं. इस्त्रीवाल्याला विचारलं, वाण्याला विचारलं, शेवटी पिठाच्या गिरणीत जाऊन बसलो. कोणाच्या घरात काय चाललंय ते गिरणीवाल्याइतकं कोणाला कळत नाही. तो म्हणाला, दर रविवारी रोशनच दळणाचा डबा खांद्यावर घेऊन येतो, आईला जिने चढायला लावत नाही. बाप पीत नाही. घर स्वतःचं, वीस वर्षांचं. आणखी काय हवं होतं गो तुला?

तोवर बारा वाजले. जेवणवेळ टळू द्यायची हे ठरवूनच गेलो होतो, म्हणून वेळ काढायला चालत राहिलो, आणि मग त्या चालण्याचीच गोडी लागली. तांबट आळीत एक म्हातारा हंड्याच्या काठाला ठोके देत होता. मी अर्धा तास समोर उभा, त्याने एकदाही वर बघितलं नाही. मिसळ खाल्ली. नाव ठाऊक नसलेल्या गल्ल्यांत शिरलो आणि भलतीकडे निघालो. चौपन्न वर्षांत काही काम नसताना मी कधी चाललो नव्हतो. कोणी हटकलं नाही, कोणी भात किती झाला विचारलं नाही. घाटावर बसलो तेव्हा चार वाजून गेले होते, आणि मग त्यांच्या दारात जायची लाज वाटली. एवढी चूक माझी. भेळ मात्र चांगली होती.

घर कसं बघतात ते मला शिकवू नकोस. परक्यांचे बैल बघून पोर द्यायची नव्हती मला. रोशनला माझा होकार आहे, तसं त्यांना कळव. लोभ कमी करायचा तर कर, तोडू नकोस.

धाऊ


म्हसा
२ मार्च २०२५

ती. दादास,

नमस्कार नाही. मोठा आहेस म्हणून 'ती.' तेवढं राहू दिलं.

तुझा होकार कळवला नाही. तिकडे आता त्याला किंमत नाही. उद्या मी आणि स्नेहल माफी मागायला जातो आहोत.

मला एकच विचारायचंय. परक्यांचे बैल हे तू कुठून आणलंस? सासऱ्यांच्या गोठ्यात आठ बैल बघून बाबांनी मला इथे दिलं. लग्न होऊन आले तर गोठ्यात एक म्हातारा बैल. बाकीचे जत्रेच्या बाजारातून एका दिवसापुरते आणून बांधले होते, हे मला सासूने सांगितलं. मी माहेरी कधी बोलले नाही, बाबा खचतील म्हणून. पंधरा वर्षं लोकांच्या शेतात लावणीला गेले आणि तुम्हाला सांगितलं की घरात बसवत नाही. बाबा गेले ते लेक सुखात आहे असं समजून.

मग तुला कोणी सांगितलं?

देवकी


किन्हवली
७ मार्च २०२५

चि. देवकीस,

आशीर्वाद. वि. वि. कोणी सांगितलं नाही.

पौष होता, पण जत्रेला आलोच आहोत तर घर बघून घेऊ असं बाबा म्हणाले. सकाळी मी बाजारात एका खिलारी जोडीचा भाव केला होता. त्यातल्या एकाचा कान फाटलेला. दुपारी तीच जोडी तुझ्या सासऱ्यांच्या गोठ्यात दिसली. बाबा खूश होऊन बघत होते. तेवढ्यात ताटं आली आणि मी जेवलो.

परतताना वाटेत बाबांना सांगणार होतो. तुझं झाल्याशिवाय माझं लग्न होणार नव्हतं, आणि अनिताकडची माणसं वैशाखापुढे थांबायला तयार नव्हती. म्हणून गप्प बसलो. हे अनितालाही ठाऊक नाही.

नाशकात जेवलो नाही तो म्हणूनच. तुला काय समजायचं ते समज. पण स्नेहलच्या पाठीशी मीच उभा राहणार. तो माझा मान आहे, तो काढून घ्यायचा अधिकार तुला नाही.

धाऊ


म्हसा
२५ मार्च २०२५

ती. दादास,

वि. वि. नाशिकला गेलो, पाटावर बसलो, पोटभर जेवलो. मी रोशनच्या वडिलांपुढे हात जोडले, तू दिवसभर कुठे होतास ते सांगितलं. ते हसून म्हणाले, मामा चालून चालून दमले असतील. लग्न वैशाखात ठरलं.

स्नेहलसाठी तू दिवसभर पायपीट केलीस, गिरणीत जाऊन बसलास, ते मी तिला सांगितलं. तिने तुला नमस्कार कळवलाय, आणि तो मनापासून आहे. माझ्या वेळी गोठ्यापासून बाबांपर्यंत चार पावलं होती. तेवढी तुला चालवली नाहीत. पंधरा दिवस झाले, भाकरी थापताना, पाणी भरताना मला तेच दिसतं, आणि तुझा इतका राग येतो की हात थांबतो.

अंतरपाटाशी स्नेहलच्या पाठीमागे आटगावचा साईनाथ उभा राहील. चुलत असला तरी भाऊच आहे माझा.

पत्रिका सोबत आहे. त्यात मामा म्हणून तुझंच नाव छापलंय, ठळक अक्षरात. लोकांना दाखवायला लागतं. वहिनीला आणि मुलांना पाठव. तू येऊ नकोस.

देवकी