कॉम्प्युटरचा बिघाड सापडला

कुणाल,

तुझा कॉम्प्युटर भंगारात जायचा न्हाई. बिघाड सापडला, आणि मीच शोधला. "ताई, तुझ्यानं व्हायचं न्हाई," म्हणत हुतास न्हवं? आता वाच.

आतल्या चिपा दाबून बसवल्या, सप्लाय मोजला, टेपचं हेड स्पिरिटनं पुसलं. तरी कॅसेटवरचा गेम निम्माच लोड व्हायचा आणि टीव्हीवर एरर यायची. शेवटी टेपमधनं कॉम्प्युटरची वायर काढली आणि नुसती कॅसेट लावून ऐकली. आधी गेमची नेहमीची किरकिर. मग खट्ट झालं, आणि आई गायला लागली.

व्हय, आपली आई! बाबा गेल्यापासून भीमजयंतीला कुणी माईक पुढं केला की म्हणती, "माजा गळा गेला." आणि आपण घरात नसताना तुझ्या टेपवर भीमगीतं भरती. काय आवाज हाय रं अजून! वरच्या पट्टीतसुदिक कुठं चिरकत न्हाई. मी हातात स्क्रू ड्रायव्हर धरून तशीच ऐकत बसले.

तिला एक शब्द बोलायचा न्हाई. इचारलंस, की परत गाणार न्हाई ती. त्या कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन्ही तुकडे मी मोडलेत, आता तिच्यावर कुणालाच काही भरता यायचं न्हाई. तुझा गेम पुस्तकात बघून परत टाइप कर.

मी साताऱ्याला चाललेय. येताना दोन कोऱ्या कॅसेटी आणते. एक तुझ्या गेमला. दुसरी टेपमध्ये घालून ठेवू, आणि आपण दोघं जरा घराबाहेर जाऊ.

पायल