बाबांचं नऊ वाजताचं उत्तर

ताई,

बाबा दोन दिवस त्यांच्या स्वयंपाकघरात पडून होते. आज सकाळी शेजारच्या काकूंनी दार तोडायला लावलं. अजून शुद्धीवर नाहीत. मी घरी त्यांचे कपडे न्यायला आलो होतो, परत हॉस्पिटलला जातोय. येताना त्यांचा जुना चष्मा आण.

मी बनवलेला प्रोग्रॅम त्यांना रोज सकाळी नऊला फोनवर 'बरे आहात ना?' विचारायचा. तू त्याला घरातला एकमेव कर्तबगार मुलगा म्हणायचीस. उत्तर आलं नाही की माझा फोन बोंबलायचा. गेल्या आठवड्यात चाचणी घेताना मी उत्तरही त्यालाच द्यायला लावलं, अगदी बाबांच्या शब्दांत, आणि ते काढायचं राहिलं.

आज त्यांना स्ट्रेचरवर घेत होते तेव्हा नऊ वाजले. माझ्या फोनवर उत्तर आलं, 'एकदम ठणठणीत. तू खाल्लंस का काही?'