मामंजींचं लांबलेलं मौन

वन्संना,

वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून बजावलंय हे ठाऊक आहे, आणि तुम्ही ते ऐकत नसणार हेही ठाऊक आहे; शेवटी तुम्ही मामंजींच्याच कन्या. इकडे आम्ही सगळे ठीक, म्हणजे मामंजी ठणठणीत आणि बाकीचे त्यांच्यामुळे आजारी. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही हसत सुटता, आणि या बाबतीत हसणारं माणूस मला सध्या नको आहे. म्हणून पत्र.

परवा सैनिक स्मृतिदिन झाला. मामंजींना स्मारकापाशी न्यायचं आणि सुखरूप परत आणायचं, एवढंच काम. ऐकायला किती सोपं! सकाळी तुमचे बंधुराज त्यांच्या कोटावर पदकं लावायला बसले. पदकांना क्रम असतो, आणि तो चुकणं म्हणजे बायकोला शेजारणीच्या नावाने हाक मारणं (ही उपमा मामंजींचीच, मी कानावर हात ठेवले). ह्यांनी क्रम चुकवला, पुन्हा लावला, पुन्हा चुकवला, आणि शेवटी बोटात टाचणी घुसवून घेतली. रक्त लागलं ते नेमकं माझ्या पांढऱ्या बाहीला. त्यावर मामंजींनी काय म्हणावं? अख्ख्या लढाईत आपलं एवढं रक्त सांडलं नव्हतं म्हणे. झालं, हे फुगले. मी कपडे बदलून येईपर्यंत बापलेक दोन खोल्यांत, आणि निरोप माझ्यामार्फत.

स्मारकाकडचा रस्ता पोलिसांनी बंद केलेला. इथून पायी जा, असं त्या पोलिसाने सांगितलं. मामंजी तोफखान्यातले, हे त्या बिचाऱ्याला कुठलं माहीत! त्यांनी काच खाली केली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे तोफेच्या पलीकडच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात, दोन वाक्यं सुनावली. पोलिसाने सलाम ठोकून अडथळा सरकवला. तेवढ्यात आमच्या मागून फर्निचरचा एक टेम्पोही आत घुसला. त्यामुळे राखीव जागेत आमची गाडी, आणि तिच्या शेजारी जांभळा सोफा घेऊन उभा असलेला टेम्पो. समारंभाच्या प्रमुख पाहुण्यांना वाटलं, सोफा त्यांच्यासाठीच मागवलाय.

हे पाहुणे उशिरा आले आणि उशिरा येण्याची कारणं सांगण्यातच त्यांचं निम्मं भाषण गेलं. उरलेल्या निम्म्यात त्यांचं बालपण. उन्हात लोखंडी खुर्च्या तापलेल्या. दातांच्या दवाखान्यात मी दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणते. कुणाला तरी तोंड मिटा म्हणावं असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. माजी सैनिक संघटनेचे सेक्रेटरी (आपण ज्यांना घरात घड्याळकाका म्हणतो तेच) मनगटाकडे बघून बघून घामाघूम झाले होते.

मग मौन. अग्निशमन दलातल्या माणसाने बिगूल वाजवला, सगळे उभे राहिले, सैनिकांचे हात कपाळाशी गेले. दोन मिनिटं झाली, पुन्हा बिगूल वाजला, हात खाली आले. एक सोडून. मामंजी तसेच उभे! ताठ, डोळे स्मारकावर, हात कपाळाशी. हे कपाळावर हात मारत पुटपुटले, कानातलं यंत्र बंद आहे, बिगूल ऐकूच आलेला नाही. आता सगळ्यांत वयस्कर सैनिक सलाम करत उभा असताना खाली कोण बसणार? शेजारच्या म्हाताऱ्याने ओशाळून हात पुन्हा वर नेला. मग त्याच्या पलीकडच्याने. बघता बघता अख्खी रांग. पाहुणे अर्धे बसले होते, ते तसेच वर आले. वाद्यवृंदाच्या मास्तरांची काठी हवेतच राहिली. घड्याळकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मामंजींचं बटण माझ्याकडे आहे.

शेवटी गेले मीच. सगळं गाव बघतंय, काखेत पर्स, एका हातात पाण्याची बाटली. त्यांच्या कोपराला हात लावून कानाशी म्हटलं, "मामंजी, झालं."

त्यांचे ओठ हलत होते. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं: नावं घेत होते. एकेक नाव, मध्ये थोडं थांबून, जणू समोरून कुणी हजर म्हणतंय. मान न वळवता मला म्हणाले, "थांब सूनबाई. अजून तिघं राहिलेत."

मग काय, थांबले. त्या तिघांना किती वेळ लागला, मला विचारू नका. तिसऱ्या नावाला त्यांचा आवाज बसला आणि ते नाव त्यांनी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मग हात खाली घेतला, बसले, आणि पाणी कोमट आहे म्हणून माझ्यावरच वैतागले.

घरी आल्यावर ह्यांनी तोंड सोडलं. शोभा झाली, यंत्र चालू करायला काय होतं, वगैरे. मी ते यंत्र काढून बघितलं. वन्सं, ते चालू होतं. मामंजी म्हणाले, "बिगूल चांगला ऐकला मी. शेवटचा सूर घसरला त्याचा. पण दोन मिनिटांत माझी निम्मीच माणसं होतात. दरवर्षी निम्म्यांना तसंच सोडून बसतो. या वर्षी नाही बसलो." तुमचे बंधुराज गॅसवर काहीही नसताना काहीतरी करपतंय म्हणत आत निघून गेले.

काल घड्याळकाका आले होते. पुढच्या वर्षी मामंजींना मागे सावलीत बसवू, असं फार गोड बोलून सुचवत होते. मी सांगितलं, पाहुण्यांचं बालपण कमी करा, वेळच वेळ उरेल. चहा अर्धा टाकून गेले.

असो. मुलांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार.

तुमची त्रासलेली,
वहिनी

ता. क. समारंभाच्या फोटोंत आमची धाकटी लेक का दिसली नाही, असं तुम्ही विचारलं होतं. ती त्या दिवशी वैद्यकीय तपासणीला गेली होती. सैन्यात निवड झालीय तिची. मामंजींना आधीपासून माहीत होतं, मला परवा रात्री कळलं, आणि तुमचे बंधुराज तेव्हापासून तिच्याशी बोलत नाहीत. तुमचं ती ऐकते. येऊन तिला थोपवा, एवढंच सांगायला हे पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, म्हणून आणखी थोडं. थोपवायचं राहू द्या. आज तिच्या कपड्यांवर नाव शिवून दिलं, तिथे लागतं म्हणे. ती निघेल त्या दिवशी मात्र नक्की या. ह्यांना एका बाजूने तुम्ही धरा, दुसऱ्या बाजूने मामंजी धरतील. मला धरायला कुणी उरत नाही, म्हणून तुमच्या यजमानांनाही घेऊन या.