नावानिशी प्रार्थना

३ ऑगस्ट १९७८, गुरुवार

आज मिशन दवाखान्याच्या मागच्या खोलीत चार माणसं घेतली. नवरा, बायको, दोन पोरी. पाळकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर कमिटी बसली असती, आणि कमिटी उठेपर्यंत ही माणसं रस्त्यावर!

शौकतनं आणली. आमचा कंपाउंडर. कामावर येताना एसटी स्टँडवर दिसली म्हणे, भिंतीला टेकून, धाकटीच्या अंगावर नुसतं पोतं. दारातूनच सांगायला लागला, "बाई, रखना पडेगा इनको. वापस गये तो मारे जाते." मी म्हटलं, भाषण नंतर कर, आधी आत घे.

नवऱ्याचं नाव मोतीराम, बायको कडूबाई. पाचोडकडची आहेत. गावाचं नाव वहीतसुद्धा लिहीत नाही, उगाच कुणाच्या हाती पडायची. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आणि तिकडं यांच्या वस्तीला आग लावली. एका नावासाठी माणसांची घरं जाळतात! मोतीरामचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेत, धाकटीला बाहेर ओढताना. पट्ट्या बांधल्या तर हूं नाही की चूं नाही. मीच रडले. नर्स होऊन बावीस वर्षं झाली, अजून अक्कल येत नाही.

६ ऑगस्ट, रविवार

उपासनेत लक्ष नव्हतं. परत येऊन आधी मागची खोली उघडली.

मोतीराम आज बोलला. जाळणाऱ्यांपैकी पाच जणांना त्यानं ओळखलंय. गावातलेच. ठाण्यात जाऊन तोंडी सांगूनही आलाय. साहेब म्हणाले, एकवीस तारखेला या, रीतसर जबाब लिहून घेऊ. ते गावात फुटलं, तेव्हापासून पाचही जण याच्या मागावर. अख्ख्या वस्तीत तोंड उघडायला तयार हा एकटाच. "एकवीस तारखेपतुर जित्ता राह्यलो म्हंजी झालं, बाई. मंग व्हईल ते हू द्या." मी चिडले. म्हटलं, माझ्या दवाखान्यात असलं बोलायचं नाही.

म्हणजे पंधरा दिवस. पंधरा दिवस कुणाला कळू द्यायचं नाही. शौकत आणि मी, बस्स.

कडूबाईला बसवत नाही. सकाळी सहालाच सगळा दवाखाना झाडून काढते. नको म्हटलं तर म्हणते, "फुकट कसं ऱ्हावं वो?" थोरली पोर औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुते. धाकटी माझ्या पदराला धरून हिंडते, गप्प. आगीपासून बोललीच नाही म्हणे.

लिहायला लाज वाटते, पण इथं नाही तर कुठं लिहू? आज मनात आलं, ही चौघं मंडळीत आली तर! चर्चच्या बाकावर चौघं ओळीनं बसलेली दिसली मला. हात भाजलेल्या माणसाकडं बघून हे सुचावं! तरी मोतीरामला विचारलं, तुमच्यासाठी प्रार्थना करू का? तो म्हणाला, "आमी बुद्धाची मानसं. देवाबिवाचं आमाला नाय कळत. पर तुमी करा. तुमच्या मनाचं समाधान."

८ ऑगस्ट, मंगळवार

सेवेच्या वर्गाला गेले. मिशनच्या कामात असलेल्या आम्हा सगळ्यांना सक्तीचा आहे. अप्पाराव पाळक शिकवतात, एरवी मला झोप येते. आज नाही आली.

विषय होता गरिबांसाठी प्रार्थना. म्हणाले, "आपण मागतो, हे प्रभू, गोरगरिबांवर दया कर. म्हणजे पाकिटावर नुसतं 'हिंदुस्थान' लिहून पेटीत टाकण्यासारखं झालं! गरिबाला नाव असतं. गाव असतं. त्याचं दुखणं वेगळं असतं. ज्याची सेवा करता त्याचं नाव घेऊन मागा. नाव माहीत नसेल तर तुम्ही सेवा केली नाही, वाटप केलं."

काय बोलले! बावीस वर्षांत मी किती पेशंटांची नावं लक्षात ठेवली? "तो खोकलेवाला", "ती तिसऱ्या खेपेची". मान वर करवेना.

९ ऑगस्ट, बुधवार

आजच्या प्रार्थनासभेसारखी सभा कित्येक वर्षांत झाली नाही!

कंपनीच्या कामगारांच्या लाईनीतल्या घरांतूनही बऱ्याच जणी आल्या होत्या. आपापले विषय सांगून झाले. कुणाच्या पोराची नोकरी, कुणाचा गुडघा. मग मी उठले. ठरवलं नव्हतं. डोळे मिटले आणि तोंडातून येतच गेलं. मोतीरामचं नाव घेतलं, कडूबाईचं, दोन्ही पोरींचं. गाव घेतलं. त्याचे हात, ते पाच जण, एकवीस तारीख. "प्रभू, तुझ्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत तू त्यांना आणलंस, तिथंच त्यांना राख." मी रडले, सगळ्या रडल्या. एवढं मोठं आमेन मी आमच्या चर्चमध्ये कधी ऐकलं नाही. लाईनीतल्या सारजाबाईनं तर मला मिठीच मारली, "तबिथाबाई, आज तुमच्या तोंडून देवच बोलला!"

बाहेर चपला घालताना पाळक म्हणाले, "जरा जपून हं." म्हटलं, तुम्हीच तर शिकवलंत! त्यांच्या सभेत कुणी एवढं रडत नाही, हे त्यांना लागलं असणार.

११ ऑगस्ट, शुक्रवार

सारजाबाई भाकऱ्या आणि ठेचा घेऊन आली, मागच्या खोलीत तासभर बसून गेली. काय माउली आहे! रक्ताची ना नात्याची.

धाकटी आज बोलली. "पानी." एकच शब्द. मी तिला ग्लासभर दिलं, मग अजून एक, मग अजून एक. वेडीच मी.

१३ ऑगस्ट, रविवार

काल दुपारी दोन माणसं तापाच्या गोळ्या मागायला आली होती. ताप कुणालाच नव्हता. शौकतला ते पटलं नाही. आज रविवार असून आला. म्हणतो, औरंगपुऱ्यामागं त्याची बहीण अजरा राहते, गल्लीत गल्ली, तिथं कुणी शोधू शकत नाही, आजच हलवू. "आठ दिन का सवाल है, बाई."

मी नाही म्हटलं. कारणं बरीच दिली. पट्ट्या रोज बदलाव्या लागतात, पोरींची आबाळ होईल. खरं कारण इथं लिहिते. इतक्या लोकांनी रडून मागितलंय, तरी भ्यायचं? मग विश्वास कसला?

शौकत म्हणाला, "इतने लोगां कौन?" मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

१६ ऑगस्ट, बुधवार

मोतीरामला नेलं.

काल झेंड्याची सुट्टी. दवाखाना बंद. मी शाळेत झेंडावंदनाला गेले होते, जिलबी घेऊन आले पोरींसाठी. दार उघडं. कडूबाई उंबऱ्यात बसलेली, कपाळातून रक्त. जीपमधून आले, पाच-सहा जण होते. विचारलं नाही, शोधलं नाही, सरळ मागच्या खोलीकडं गेले. पोरी खाटेखाली होत्या.

संध्याकाळी तो जालना रोडला सापडला, एका कंपनीच्या भिंतीमागं. सरकारी दवाखान्यात आहे. शुद्ध नाही. त्याच्या हातांवरच्या पट्ट्या मी काल सकाळी बांधलेल्या तशाच आहेत. बाकी काही तसं नाही.

१७ ऑगस्ट, गुरुवार

कुणी सांगितलं? दोघांनाच माहीत होतं. मी आणि शौकत.

शौकतला विचारलं. विचारलं कसलं, तोंडावर म्हटलं! तूच आणलंस, तूच हलवायची घाई करत होतास, तुलाच माहीत होतं. किती घेतलेस? असंही म्हटलं. नऊ वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाला.

तो म्हणाला, "बाई, मी आणली ती माणसं. मी आणलेली माणसं मीच विकीन?" कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि गेला.

जाऊ दे. चोराच्या उलट्या... नाही, लिहीत नाही. डोकं ठिकाणावर नाही.

१९ ऑगस्ट, शनिवार

मोतीराम गेला. सकाळी, सव्वासातला. कडूबाईनं त्याच्या पट्ट्या सोडायला लावल्या. म्हणाली, "हात मोकळे करा त्येंचे."

२१ ऑगस्ट, सोमवार

आज जबाबाची तारीख. मी कडूबाईला म्हटलं, चल, तू सांग, मी बरोबर येते. तिनं मान हलवली. "दोन पोरी हायत मला. म्या काय बी बघितलं नाय." पाचही जण सुटले. आजपासून त्यांना कुणाचं भय नाही.

दुपारी ठाण्यातून एक शिपाई येऊन विचारून गेला, मोतीराम का आला नाही म्हणून!

२३ ऑगस्ट, बुधवार

सभेला जाणार नव्हते. सारजाबाई हाताला धरून घेऊन गेली.

सगळ्यांनी मोतीरामसाठी मागितलं. सारजाबाई प्रार्थना करता करता ओक्साबोक्शी रडायला लागली. "प्रभू, आम्ही कमी पडलो का रे? तबिथाबाईनं सांगितलं तसंच मी लाईनीतल्या घराघरात सांगितलं. नावानिशी सांगितलं. ख्रिस्ती नाहीत त्यांनाही सांगितलं, तुमच्या देवाजवळ मागा म्हटलं. त्या गावची दोन घरं आहेत, त्यांनाही सांगितलं, तुमच्याच गावचा माणूस आहे, मागच्या खोलीत पडलाय, त्याच्यासाठी मागा..."

पुढचं मी ऐकलं नाही.

ती दोन घरं मला ठाऊक आहेत. माणसं दोन वर्षांपासून कंपनीत आहेत, दर आठवड्याला गावी जातात. त्यांच्या पोरांना मी देवीची लस टोचलीय.

सारजाबाईला काय म्हणू? तिनं माझ्यापेक्षा वेगळं काय केलं? वहीत गावाचं नाव लिहायला भ्याले, आणि भरल्या सभेत उभी राहून माणसाचा पत्ता सांगितला! वर डोळे मिटून. खोलीसकट, तारखेसकट. देवाला ठाऊक नव्हतं का ते कुठं आहेत? मग कुणाला सांगत होते मी? बायकांना रडवायचं होतं मला. माझ्यासारखी प्रार्थना कुणाची होत नाही, हे ऐकायचं होतं. पाळक जपून म्हणाले, तर मी त्यांना मत्सरी ठरवलं.

आणि शौकत! देवा, शौकत!

२४ ऑगस्ट, गुरुवार

शौकतच्या घरी गेले. त्याची बायको ताहेरा, तिनं पुढं चहा ठेवला. साखर जास्त, मला लागते तशी. म्हणजे घरात माझ्याविषयी बोलणं व्हायचं, चांगलं बोलणं.

त्याला सगळं सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. मी म्हटलं, माफ कर, परत कामावर ये. तो म्हणाला, "माफ किया बोलूँ तो झूठ होगा, बाई. आज नहीं होता मेरे से." मग गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आला, रिक्षा थांबवून दिली. रिक्षावाल्याला सांगितलं, "बाई को संभाल के ले जा."

२५ ऑगस्ट, शुक्रवार

आज गुडघे टेकले. तोंड उघडलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

पाळकांनाही सांगून टाकलं. ते म्हणाले, "शिकवलं मी, तबिथाबाई. अर्धं माझ्याही पदरात घाला." चांगला माणूस आहे. मी नाही घातलं. सगळं माझंच आहे.

कडूबाई परवा निघतेय, भाऊ न्यायला येणार आहे. तिला अजून सांगितलेलं नाही. ती रोज माझ्या हातचं जेवते, पोरी माझ्याशेजारी निजतात. सांगायलाच हवं. ती थुंकली तोंडावर तरी चालेल.

२७ ऑगस्ट, रविवार

सांगितलं. कडूबाई थोरलीची वेणी घालत होती. हात थांबले नाहीत तिचे. म्हणाली, "मला ठावं हाय, बाई. सारजाबाई भाकरी घिऊन आली, तवाच तिनं सांगितलं, तुमी आमचं नाव घिऊन किती रडला ते. मी मालकांला म्हनलं, ही जागा समद्यांला कळली, उठा, शौकतभाईसंगं जाऊ. तर म्हनले, नाय जायचं. आजपतुर आपलं नाव घिऊन कोन रडलं व्हतं का? आता निघालो तर बाईला काय वाटंल?"