हिरवी, बारीक काठाची

प्रिय भैरू,

अनेक आशीर्वाद. बहिणीचं पत्र बघून दचकू नकोस. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मला आता फार बोलवत नाही. दिघीत आमचं ठीक म्हणायचं. सुजित चाकणला कंपनीत जातो. तुझे दाजी रिटायर होऊनही सकाळी डबा मागतात, मग आठवलं की पेपर घेऊन बसतात. मी पडून असते.

पडल्या पडल्या सुनेकडून कपाट लावून घेतलं. वर्षाली बिचारी हसते, म्हणते आई, तुमच्या प्रत्येक साडीला एक गोष्ट. तू आणलेल्या मी वेगळ्या ठेवल्यात. पहिली भाऊबीज आठवते? भोसरीत हेल्पर म्हणून लागलास आणि ओव्हरटाइम करून गुलाबी साडी आणलीस. मेला कसला तो रंग! बादलीत टाकली आणि दाजींचे सगळे बनियन गुलाबी. कंपनीत त्यांची चेष्टा झाली, पण तुला त्यांनी कळू दिलं नाही. ती कधीच विरली. तिचा तुकडा अजून शिलाई मशीनवर झाकायला आहे. सुजितच्या वेळी डोहाळजेवणाला तू आणलेली मात्र तशीच आहे, घडीवर थोडी फाटलीय.

सुजितच्या लग्नात बायका विचारायला लागल्या, माहेरचा आहेर कुठाय. मी म्हटलं, भाऊ निघालाय, ट्रॅफिकला अडकलाय. संध्याकाळपर्यंत तू ट्रॅफिकमध्येच होतास. मांडव रिकामा झाला तरी मी तेच सांगत होते, शेवटी दाजी म्हणाले, पुरे आता.

जमिनीचं काढणार नव्हते, पण राहवत नाही. गावचं रान विकताना मला थोडी जागा दे, एवढंच बोलले होते. तू बोलणं टाकलंस. पुढं मी सह्या करून दिल्या, तरी टाकलेलंच. निगडीत बंगला छान बांधलास म्हणतात. मी काही पाहिला नाही. आई गेल्यावर तुला कडेवर घेऊन फिरले मी, त्या पोराला माझा एवढा राग यावा, हे मला अजून समजलेलं नाही.

आता कशासाठी लिहिलं ते सांगते. डॉक्टरांनी सुजितला बाजूला घेऊन घरी न्या म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ आम्हाला कळतो. आपल्यात बाईच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडते. आईला मामानं आणली होती. तू तिचा पदर धरून बसलास, सोडेनास. मला तू आणशील अशी आशा नाही, खरंच नाही. म्हणून वर्षालीला पाठवून मीच आणून घेतली. हिरवी, बारीक काठाची. सुजित पत्राबरोबर एक पिशवी तुला देईल, तिच्यात तीच आहे. त्याला आत काय आहे ते सांगितलेलं नाही. किमतीची चिठ्ठी मी काढून टाकलीय. त्या दिवशी तू फक्त ती घेऊन ये. भावानं साडी आणली, एवढं चार बायकांना दिसलं की झालं. नाही आलास तर त्या विचारतीलच, माहेरचं कुणी आलं का. तू ट्रॅफिकला अडकलायस म्हणून सांगायला या वेळी मी नसेन.

तुझीच,
शालनअक्का