वांग्याच्या मुळाशी कोण गेलेलं

आये, मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे, म्हणून माझी नात हे लिहून घेतेय. ती झाडांच्या रोगांचं शिकते. मी सांगते त्यात ती स्वतःचं काही घुसडते का, यावर माझी नजर आहे. पण वाचता न येणाऱ्या बाईची नजर ती किती.

एकोणीसशे ऐंशीच्या पुढची वर्षं. नवरा गेल्यावर मी पोरीला घेऊन कोपरीला तुझ्याकडे आलेले. घरामागची वांगी तू टेंभी नाक्यावर विकायचीस, त्यावर आपण तिघी जेवायचो. एका सकाळी बघतो तर एक झाड हिरवंगार असतानाच मान टाकलेलं. पान पिवळं नाही, कीड नाही. तू कुंपणापलीकडे बघितलंस. तिथे माझी मैत्रीण धुणं वाळत घालत होती. "कालच म्हणाली ना, काय वांगी धरलीत मावशी? रॉकेल ओतलंन मुळाशी." मी म्हटलं, "अगं, तिच्या स्टोव्हला रॉकेल पुरत नाही, तुझ्या वांग्याला कुठून आणील?" "तुला काय चारलंन गं तिनं?" तू मलाच विचारलंस. मग तू खुरपं घेतेस, मेलेल्या झाडाचं मूळ उकरून हुंगतेस. वास नाही. म्हणून शेजारच्या चांगल्या झाडाचं उकरतेस, मग त्याच्या पुढच्याचं. रोज चहाच्या आधी अख्ख्या ओळीची झडती, आणि रोज नवं झाड मान टाकतंय. मैत्रिणीला आपलं दार बंद झालं. वाफा संपला, तरी तू मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाहीस.

परवा नातीने तसंच मेलेलं झाड आणलं, खोड कापून ग्लासभर पाण्यात धरलं. दुधासारखा धागा खाली उतरला.

"हे जिवाणू, आजी. मातीत असतात, मुळाला जखम झाली की आत शिरतात."

"आणि झाड बघत बसतं?"

"नाही गं, परका आला हे ते ओळखतं, भिंती जाड करतं. पण जिवाणूकडे सुईसारखी नळी असते. तिच्यातून तो आपला माल झाडाच्या पेशीत सोडतो आणि तिथली आरडाओरड बंद पाडतो. मग पाण्याच्या वाटा चिकट स्रावाने बुजवतो."

"म्हणजे वॉचमनलाच पाजायची. आणि जखम कोण करतं?"

"किडे करतात. नाहीतर खुरपं. रोगी मातीतलं खुरपं चांगल्या मुळाला लागलं, की ओळच्या ओळ जाते."

मी ग्लास खिडकीतल्या कुंडीत ओतायला उठले, तर ती ओरडली, कुंडीत नको. आये, झाडाचा संशय त्या जिवाणूने झोपवला. तुझा मात्र जागाच होता, कुंपणापलीकडे बघत.

नात म्हणते, "आजी, हे निदान तुझ्या मैत्रिणीला तरी वाचून दाखवू." नको म्हटलं, ठेव उशीखाली. मैत्रीण अजून तिच्या सुनेच्या हाती वांगी पाठवते, आणि चिरायच्या आधी मी ती हुंगते.