कावळा शिवला तेव्हा

३ जुलै

आज जुन्नरला जाऊन आले. नारायणगावातून जीप, मागच्या सीटवर, टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटला गुडघे टेकवून. कोर्टाच्या आवारात एक खोली आहे, तिथे बायकांना वकील फुकट मिळतो. मला आधी थापच वाटली होती.

वकीलबाई माझ्याहून लहान. नाव श्रेया. काय झालं ते सांगा, म्हणाल्या. सांगितलं — नवरा, सुदर्शन. निराशेचा आजार. पुण्याकडच्या खाजगी मानसिक रुग्णालयात ठेवलं होतं. आठवडाही झाला नव्हता, सकाळी फोन आला, त्यांनी जीव दिला. भाजीचा भाव सांगावा तसं सांगून मोकळी झाले! वकीलबाईंनीच पेन खाली ठेवलं आणि पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. तहान नव्हती. तरी प्यायले.

जड गेलं ते एकच — नाव घेणं. इथे कागदावर लिहिते, तोंडाने कधी घेतलं नव्हतं.

५ जुलै

काही नाही. गाय व्याली. कालवड झाली.

९ जुलै

रुग्णालयातून केसपेपरची नक्कल मिळाली. मी गेले होते तेव्हा दर वेळी ‘साहेब नाहीत’. वकीलबाईंनी अर्ज केला आणि साहेब सापडले.

त्यात लिहिलंय — रुग्णाच्या जिवाला धोका असल्याची कोणतीही माहिती नातेवाइकांनी दिली नाही.

पण सासऱ्यांनी सांगितलं होतं! आदल्या संध्याकाळी तेच भेटायला गेले होते. सुदर्शन त्यांना म्हणाले, “आण्णा, मला आता जगायचं न्हाई.” सासऱ्यांनी नर्सला गाठलं, रात्री याच्यापाशी कुणीतरी बसवा म्हणाले. ती म्हणाली, बघतो आम्ही, तुम्ही निघा. घरी येऊन जेवताना त्यांनी मला आणि सासूबाईंना हे सगळं सांगितलं होतं.

वकीलबाई म्हणाल्या, “इंद्रायणीताई, तुम्ही ऐकलेलं पुरायचं नाही. ज्यांनी सांगितलं, त्यांनीच बोलायला हवं. नाहीतर रुग्णालयाचा कागद खरा ठरेल.”

१० जुलै

सासऱ्यांना विचारलं. टोमॅटोची तार ओढत होते, हात थांबवला नाही.

“न्हाई जमायचं, पोरी. मी त्याला शब्द दिलाय.”

दहाव्याचा शब्द. मीना नदीच्या काठी पिंड ठेवले, कावळे समोरच्या बाभळीवर, एकही खाली येईना. त्याचं काहीतरी अडलंय, बोला, असं कुणीतरी म्हणालं. मग भाऊबंद एकेक करून बोलले. पोरीला, आरोहीला, शिकवू. पाइपलाइन पुरी करू. इंद्रायणीला अंतर देणार नाही. ऊन चढलं. लोक घड्याळं बघायला लागले. शेवटी सासरे हात जोडून मोठ्याने म्हणाले, “सुदर्शना, तुझं नाव मी कोर्टकचेरीत न्हाई नेणार. तू सुखानं जा.” आणि कावळा शिवला. सगळे म्हणाले, बघा, हेच अडलं होतं.

मी तेव्हा आरोहीच्या चपलेचा पट्टा लावत होते.

१४ जुलै

वकीलबाईंचा फोन. “सासरे तयार झाले का?” नाही. “त्यांच्याशिवायही ग्राहक आयोगात तक्रार करता येईल, पण...” पुढचं मला कळलं.

चुलत दीर आदेश चहाला आला. “वहिनी, मेल्या माणसाला दिलेला शब्द मोडू नये. घरावर येतं.” घरावर यायचं अजून काय राहिलंय, हे विचारायचं होतं. साखर किती ते विचारलं.

मला राग यायला हवा. येत नाही. भाकरी थापते, ती फुगते, करपतसुद्धा नाही. कोण करतं हे सगळं, कळत नाही.

१९ जुलै

त्या कागदात काय लिहिलंय ते सासऱ्यांना आज वाचून दाखवलं. म्हटलं, तुम्ही काहीच बोलला नाहीत असं रुग्णालयाचं म्हणणं आहे.

“असं लिवलंय?”

“हो, मामा.”

कागद हातात घेतला. चष्मा नव्हता, तरी बघत बसले. “मी बोललो व्हतो गं. दोन येळा बोललो व्हतो.”

“मग तिथे येऊन तेवढंच सांगा.”

“कावळा शिवलाय, पोरी.”

जेवले नाहीत. मी जेवले.

२० जुलै

सासूबाई दहाव्यापासून जवळजवळ मुक्याच. आज तोडणीला सगळे रानात होतो. क्रेट भरता भरता, मान वर न करता, नवऱ्याला म्हणाल्या, “तुमी बोलला ना तवा, मी बी बोलले व्हते. मनात.”

“काय?”

“म्हनलं, बाळा, ज्यांनी तुला सांभाळलं न्हाई, त्यांना इचारल्याबिगर मी ऱ्हानार न्हाई. आन् मंग कावळा आला. आता तो तुमच्या शब्दाला शिवला का माझ्या, ते तुमीच सांगा.”

मजूर बायकांचे हात थांबले. सासरे क्रेट धरून उभेच. मग क्रेट खाली ठेवलं आणि बांधावर जाऊन बसले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथेच होते. सासूबाई तोडत राहिल्या.

२२ जुलै

मी जीपपाशी पोचले तर सासरे आधीच आत बसलेले. टोपी धुतलेली.

वकीलबाईंपुढे सगळं सांगितलं. नर्स कशी म्हणाली. सुदर्शन कॉटवर कसे बसले होते. निघताना त्यांनी बापाची पिशवी उचलून हातात दिली आणि ‘एसटी चुकंल’ म्हणाले. हे सासरे घरी कधी बोलले नव्हते. सही केली, सावकाश, पूर्ण नाव.

येताना म्हणाले, “हारलो तरी चालंल. पन मी बोललोच न्हाई, असं लिवलेलं ऱ्हायाला नको.”

२३ जुलै

सासूबाई ओट्यावर गवार मोडत होत्या. विचारलं, “आत्या, तेव्हा मनात खरंच तसं म्हणाला होतात?”

“मी कशाची म्हनते? मला तवा कायबी सुचत नव्हतं. कावळा आला ते बी पाहिलं न्हाई मी.” एक शेंग मोडली. “ह्यांना सांगू नको.”

मी शेजारी बसून गवार घेतली आणि मला रडू आलं. ते गेल्यापासून पहिल्यांदा. सासूबाईंनी ताट बाजूला सरकवलं.